डाळिंबाची जागा

आमच्या गल्लीत त्यांचे मूळ नाव फारसे कोणी उच्चारीत नसे. लहानथोर सारेच त्यांना थांबाकाका म्हणत. त्या नावात चेष्टा होती, तसा आदरही होता. कोणी कुदळ उचलली, कोणी लोखंडी शिडी उभी धरून अंगणातून नेऊ लागला, कोणी खांबावरच्या तारांना टेकलेली फांदी तोडायला स्वतःच झाडावर चढू लागला, की कोठून तरी तो शांत, काहीसा खर्जातला स्वर येई, "थांबा!" मग ते सावकाश जवळ येत, आधी वर तारांकडे पाहत, नंतर खाली मातीकडे, आणि त्यानंतर समोरच्या माणसाकडे. "शिडी आडवी न्या," ते म्हणत, "तार झोपलेली दिसते, पण ती झोपत नाही." फांदीसाठी ते वीजकचेरीला फोन करायला लावीत आणि माणसे येईपर्यंत झाडाखाली कोणाला उभे राहू देत नसत.

त्यांचा व्यवसायच असा होता. भूमीच्या उदरातून विजेच्या केबली, गॅसचे पाइप, पाण्याचे नळ कोठून कसे जातात हे शोधून खोदकामापूर्वी रस्त्यावर रंगाच्या खुणा करणे, हे त्यांनी आयुष्यभर केले. हातात लांब दांडीचे यंत्र, खांद्याला रंगाच्या डब्यांची पिशवी, दृष्टी खाली. केबलीच्या डोक्यावर आले की यंत्र गुणगुणू लागे. ती गुणगुण जेथे सर्वांत तीव्र होई तेथे ते तांबडी रेघ ओढीत. गॅससाठी पिवळी, पाण्यासाठी निळी. प्लास्टिकचा पाइप यंत्राला कळत नाही, म्हणून पुरताना त्याच्या अंगालगत एक बारीक तार पुरतात आणि तिच्या आधारे त्याचा माग काढतात, हे ते कोणालाही मोठ्या आत्मीयतेने समजावून सांगत. आपल्या पायांखाली एक दुसरे नगर नांदते आहे आणि त्याची दारे न ठोठावता आत शिरणे हा अविनय आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. अशा अविनयाची फळे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ती ते सांगत नसत.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या श्रद्धेची यथेच्छ थट्टा करीत. आमच्या घरी आल्या की पदर खोचून ठाण मांडीत आणि लग्नाची तीच गोष्ट नव्या उत्साहाने सांगत. "मांडवाचा खांब रोवायला माणसांनी पहार उचलली, आणि नवरदेव एकदम ओरडला, थांबा! माझा मामा मटकन खालीच बसला. त्याला वाटलं, नवऱ्याचा विचार बदलला! आणि हे आपले मांडववाल्याला विचारतायत, इथून पाण्याची लाइन जाते का म्हणून."

"जात होतीच," काका खालच्या आवाजात म्हणत.

"बघा! अजून त्यांना लग्न आठवत नाही, लाइन आठवते."

या हसऱ्या बाईच्या मनात एकच इच्छा घर करून होती. त्यांच्या माहेरी दाराशी डाळिंबाचे झाड होते. तांबड्या कळ्या दारातच गळून पडत, आणि लहानपणी त्या कळ्या कानांत अडकवून त्या भावंडांना हुकूम सोडीत. सासरी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर तसेच एक डाळिंब असावे, ओट्याशी उभे राहिले की हिरवे काही दिसावे, एवढेच त्यांचे मागणे. परंतु अंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावरून समोरच्या घराला जाणाऱ्या तारा होत्या, म्हणून तेथे झाड नको. आणि खिडकीसमोरची जागा तर साक्षात निषिद्ध. फाटकापासून घराच्या कोपऱ्यावरच्या मीटरच्या पेटीपर्यंत विजेची केबल आणि गॅसचा पाइप तिरके गेलेले होते, नेमके खिडकीखालून. घर बांधताना काकांनी ती चारी स्वतः उभे राहून खोदून घेतली होती. "मुळं खाली जातात, आपण वर खड्डा करतो. नको, अगं," ते म्हणत. काकू प्रथम रुसल्या, मग हसल्या, मग त्यांनी खिडकीत आकडे लावून कुंड्या टांगल्या. कुंड्यांत काही फार टिकले नाही. पश्चिमेचे ऊन त्या खिडकीवर दुपारभर ठाण मांडून बसे, आणि काकू डोळ्यांवर हात धरून भाजी चिरीत.

पुढे काका निवृत्त झाले आणि वर्षभरात काकूंच्या हृदयाने असहकार पुकारला. शस्त्रक्रिया मुलीच्या गावी झाली, आणि त्यानंतर काकू तिच्याच घरी राहिल्या. प्रथम विश्रांतीसाठी, मग नातीच्या जन्मासाठी, मग नात रांगू लागली म्हणून, मग ती चालू लागली म्हणून. मुक्कामाला प्रत्येक वेळी एक योग्य कारण मिळत गेले. काकाही काही दिवस तेथे जाऊन राहिले. उंच इमारतीतले स्वच्छ, हवेशीर घर. जावई आदबीने वागणारा. पण काका तेथे रमले नाहीत. परत आल्यावर आमच्या समोरच राहणाऱ्या शिंप्याला ते म्हणाले, "पायांखाली माणसंच माणसं. माती नाहीच. मी तिथे करायचं काय?"

"मग काकूंना घेऊन या की," शिंपी दोरा दातांनी तोडत म्हणाला.

काकांनी अंगणाच्या रिकाम्या फरशीवरून एकदा नजर फिरवली आणि ते आत गेले.

फोन नित्य होत असे. एके संध्याकाळी शिंपी आणि मी त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर बसलो असता काकूंचा आवाज आम्हालाही ऐकू आला. फोन कानाला लावण्याऐवजी समोर धरून बोलण्याची काकांना सवय होती.

"येतेस का आता?" काकांनी विचारले. "नातीला घेऊनच ये."

"आणि करू काय येऊन?" काकूंचा स्वर रागाचा नव्हता, दमलेला होता. "तिथे माझं वाट बघणारं काय आहे हो? तळहातासारखं उघडं अंगण आणि ते ऊन. इथे गॅलरीत निदान पोरगी तरी बागडते. तुम्हीच इकडे या."

"मी आहे ना वाट बघणारा."

"तुम्ही!" काकू हसल्या. "तुम्ही जमिनीकडे बघता."

फोन बंद झाला. संध्येचा प्रकाश अंगणातून पावलापावलाने मागे सरत होता. वार्धक्यातील विरह तारुण्यातील विरहासारखा बोलका नसतो; तो घरातील वस्तूंच्या मांडणीत दिसतो. त्या घरी काकूंचा पाट अजून ओट्याखालीच होता, त्यांच्या चपला दाराशी जोडीने ठेवलेल्या होत्या, आणि काका दर सकाळी केर काढताना त्या उचलून पुन्हा तेथेच ठेवीत.

डाळिंब लावायचेच, असे त्यांनी त्या संध्याकाळी ठरविले. झाड उभे राहिले तर ती येईल, हा त्यांचा साधा हिशेब होता, आणि तो त्यांनी आमच्यापासून लपविला नाही. खिडकीसमोर नाही तर नाही. घराच्या बाजूला न्हाणीघराच्या भिंतीकडे थोडी मोकळी माती होती. तेथे त्यांच्या माहितीप्रमाणे काहीही पुरलेले नव्हते. स्वयंपाकघरातून मान वळवली की झाड अर्धेमुर्धे तरी दिसले असते.

आणि येथे या सावध माणसाच्या हातून ती चूक घडली, जी बहुधा त्याच्यासारख्या माणसाच्याच हातून घडावी. आम्ही सामान्य माणसे खोदण्यापूर्वी खुणा करून घ्यायला कचेरीला फोन करतो, कारण आम्हाला काही ठाऊक नसते. काकांना सगळे ठाऊक होते. जी चारी आपण स्वतः आखली तिच्याविषयी दुसऱ्याला काय विचारायचे? त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते गुडघ्याखाली गोणपाट घालून बसले आणि खोदू लागले.

देव तारतो असे म्हणावे, की अभ्यासाने अंगी मुरलेला हात तारतो असे म्हणावे? कुदळ त्यांनी घेतली नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलेल्या रीतीने, बोथट कडेच्या लहान खुरप्याने, ते माती कडेकडेने सैल करीत होते. वीतभर गेल्यावर खुरप्याला काही चिवट लागले. त्यांनी बोटांनी माती बाजूला सारली. खाली पिवळी प्लास्टिकची पट्टी होती, आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत सूचना होती की खाली गॅसचा पाइप आहे.

पाइपाच्या वर ही पट्टी पुरतात ती यासाठीच, की खोदणाऱ्याचा हात पट्टीवर थांबावा आणि पाइपापर्यंत जाऊ नये. काकांचा हात थांबला. शिंपी तेव्हा कचरा टाकायला बाहेर आला होता. त्याने पाहिले, तेव्हा काका खड्ड्यापासून दूर सरकून भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा चेहरा मातीहून फिका झाला होता.

"काका! बरं वाटत नाहीये का?"

"इथे पाइप आहे," काका म्हणाले. "इथे नसायला हवा."

शिंप्याने खड्ड्यात डोकावून पाहिले आणि त्याला परिस्थिती उमगली. क्षणभर तो गंभीर झाला. परंतु स्वभाव कोठे जातो? "माप न घेता कापड फाडलंत की हो," तो म्हणाला. "आणि तेही तुम्ही!"

काकांनी मान खाली घातली. मग उठून त्यांनी हात धुतले आणि कचेरीला फोन लावला, कोणाही नागरिकाने लावावा तसा. पलीकडून विचारणा झाली की खोदकाम सुरू केले आहे काय. "हो," काका म्हणाले, आणि तो एक शब्द उच्चारताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

खुणा करायला आली ती त्यांच्याच जागी नेमलेली बाई. यंत्र कसे धरावे, हे तिने त्यांच्याकडूनच शिकले होते. तिने आधी पिवळी पट्टी पाहिली, मग गुरूकडे पाहिले.

"काका, फोन न करता?"

"चुकलो, बाई."

"मी तुम्हाला ओरडू शकत नाही, ही केवढी पंचाईत! दुसरा कोणी असता तर गल्ली डोक्यावर घेतली असती."

"घे ना मग."

"जाऊ द्या. बसा तिकडे, पाय आत घ्या. आणि कॉलर टाइट करून मला सूचना द्यायच्या नाहीत."

ती यंत्र घेऊन फिरू लागली. न्हाणीघराच्या भिंतीच्या कडेने यंत्र स्पष्ट गुणगुणले. तेथून मीटरच्या पेटीपर्यंत तिने तांबडी रेघ ओढली, तिच्या शेजारून पिवळी. मग ती पुढच्या अंगणात आली. फाटकापासून खिडकीपर्यंत सावकाश चालली, परत आली, आडवी चालली. यंत्र मौन राहिले.

"इथे काही नाही, काका."

"नीट बघ. फाटकापासून तिरकं."

"बघितलं. पुन्हा बघते." तिने पुन्हा पाहिले, आणि मग कचेरीत फोन करून खात्रीही करून घेतली. नोकरीत असताना काका एका पूरग्रस्त गावातल्या लाइनी उभारायला गेले होते, त्या काळात आमच्या गल्लीतील जुन्या केबली आणि पाइप बदलले गेले होते. बोळातून नेणे सोपे पडले म्हणून काकांच्या घरची लाइन तेव्हा बाजूने घेतली गेली. वरून पाहता काहीच पालटले नव्हते. मीटरची पेटी जिथल्या तिथे होती, फरशी पुन्हा बसविलेली होती. खिडकीखाली उरली होती ती एक निर्जीव केबल आणि एक रिकामा पाइप.

"मेलेली असेल," बाई म्हणाली, "पण तपासल्याशिवाय ती जिवंतच धरायची. उद्या माणसं पाठवते, तपासून काढून नेतील. मग लावा की झाड खुशाल. मोठं नको, त्या तारांच्या उंचीचं नको. डाळिंब चालेल."

पूर येऊन गेला त्याला बराच काळ लोटला होता. तेव्हापासून ती जागा मोकळी होती. तेव्हापासून, मुलीकडे जाईपर्यंत, दर उन्हाळ्यात काकू डोळ्यांवर हात धरून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या.

ही गोष्ट न सांगता झाड लावता आले असते. जागा आता मोकळी झाली, एवढेच म्हटले असते तरी काकूंना कळले नसते, असे शिंप्याने सुचविलेही. "कशाला उकरता? आधीच रुसलेल्या आहेत." काकांनी त्याच्याकडे असे काही पाहिले, की शिंप्याने पुढचे शब्द गिळले. त्यांना ती परत हवी होती. पण खोट्या जमिनीवर झाड लावून नको होती. त्यांनी आमच्या देखतच फोन लावला, आणि कोठेही आडवळण न घेता पट्टी, यंत्र, खिडकीखालची मोकळी जागा, सारे सांगितले.

पलीकडून नातीचा बडबडण्याचा आवाज तेवढा येत होता.

"ऐकतेस ना?"

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"बाजूने नेली ते. माझ्या डोळ्यांदेखत खणलं त्यांनी. मी त्यांना पाणी दिलं. तुम्ही आलात तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला, आता खिडकीखालून काही जात नाही म्हणून. तुम्ही हसलात. म्हणालात, अगं, ती शेजारच्यांची असेल, आपली मी स्वतः टाकलीय."

काकांना ते आठवत नव्हते. आपण हसलो होतो हेही आठवत नव्हते, आणि हेच त्यांना अधिक लागले असावे.

"मग पुन्हा का बोलली नाहीस?"

"किती वेळा बोलायचं?" काकू म्हणाल्या. "गावभर लोकांच्या दारात यंत्र फिरवता. म्हटलं, कधीतरी माझ्याही दारात फिरवाल. एकदा तरी. मी सांगते म्हणून नाही, निदान खात्री करायला. मी वाट बघत होते हो."

"आणि तू स्वतःच का नाही लावलंस?"

"तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय तिथली माती उकरायची नाही, एवढं तर तुमच्याबरोबर राहून शिकले ना मी!" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर काही दिवस फोन आला नाही. काका करीत, मुलगी उचली, आई झोपली आहे म्हणे, आई खाली गेली आहे म्हणे. कचेरीची माणसे आली, त्यांनी जुनी केबल तपासली, तोडली, ओढून नेली. न्हाणीघराकडचा खड्डा काकांनी पट्टी पूर्ववत पसरून हाताने बुजविला. खिडकीसमोरची फरशी काढली, माती मोकळी केली, खड्डा केला, कोणी पडू नये म्हणून त्यावर फळी ठेवली. गल्लीतील बायका जाता-येता विचारीत, "काका, झाड कुठंय?" ते म्हणत, "यायचंय अजून." झाडाविषयी म्हणत की आणखी कोणाविषयी, हे विचारण्याचे धार्ष्ट्य कोणी केले नाही. सायंकाळी ते फळी उचलून खड्ड्यात थोडे पाणी शिंपडीत आणि ओल्या मातीच्या गंधात नुसते उभे राहत.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, आईनं काय केलंय माहितेय? खालच्या रोपवाटिकेतून डाळिंबाचं रोप आणलंय. गॅलरीत ठेवलंय. रोज पाणी घालते, पोरीला हात लावू देत नाही. मी म्हटलं, बाबांना सांगू का, तर म्हणाली, सांगायचं नाही."

"मग सांगू नकोस," काका म्हणाले.

"अहो, सांगितलं ना मी आत्ता!"

बरेच महिने असेच गेले. काकूंचे फोन पुन्हा सुरू झाले होते. त्यांत औषधे असत, नातीचे दात असत, शिंप्याने शिवलेल्या झबल्याची तक्रार असे. डाळिंबाचा विषय दोघेही काढीत नसत. काकांनी 'येतेस का' हा प्रश्नही पुन्हा कधी विचारला नाही. जिचे एवढेसे मागणे आपण अनेक वर्षे पुरविले नाही तिच्याकडे काही मागण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, असे त्यांना वाटत असावे. फक्त संध्याकाळी फाटकाशी एखादी गाडी मंदावली, की ओट्यावर बसलेल्या त्या वृद्धाची पाठ सरळ होई. गाडी पुढे निघून गेली, की ती पुन्हा वाके.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असता फोन वाजला. काकूच होत्या. त्यांनी कुशल विचारले नाही.

"खड्डा किती खोल आहे?"

काका गडबडले. "कुठला?"

"कुठला काय! खिडकीपुढचा. लेक सगळं सांगते मला, तुम्हाला काय वाटलं?"

काका चपला न घालताच अंगणात गेले. फळी बाजूला सारून ते गुडघ्यांवर बसले, आणि एका हातात फोन धरून दुसरा हात त्यांनी खड्ड्यात घातला. "कोपरापर्यंत जातो," ते म्हणाले.

"आणि रुंद?"

"दोन विती. जरा जास्त."

"पुरायचा नाही. या डाळिंबबाईच्या मुळ्या कुंडीच्या बुडातून बाहेर आल्यात. अजून करा थोडा." काकू थांबल्या. "आणि हातानेच करा हो."

"हातानेच करतो," काका म्हणाले. फोन त्यांनी फरशीवर तसाच चालू ठेवला, खुरपे घेतले, आणि त्या भर उन्हात खड्ड्याची कड ते हळूहळू सैल करू लागले. फोनमधून काकू नातीला काहीतरी ओरडून सांगत होत्या. तो आवाज खिडकीखाली स्पष्ट ऐकू येत होता.